गळणं वेगळं, जळणं वेगळं

पाथरी तालुक्यातून एका वाचक बहिणीचं पत्र आलं आहे. तिचे शौहर आठवडी बाजारात तयार कपडे विकतात; आज मानवत, उद्या सेलू, परवा आणखी कुठे. माल नेण्यासाठी घरात एक जुनी ओम्नी आहे, दोन मालकांच्या हातून फिरून आलेली. गेल्या काही महिन्यांपासून गाडी उभी केली की खाली तेलाचा डाग पडतो, चालवताना सीटखालून जळका वास येतो आणि दर पंधरा-वीस दिवसांनी इंजिनात ऑईल टाकावं लागतं. गॅरेजमध्ये दाखवली तर उत्तर मिळालं की इंजिनचं काम निघालं आहे, २२,००० रुपये लागतील. ती विचारते, लग्नातल्या दोन बांगड्या गहाण ठेवून काम करून घ्यावं, की गाडी भंगारात द्यावी? गाडी गेली तर बाजार गेला. बांगड्या गेल्या तर मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाला हाताशी काही राहत नाही.

हे सदर मुलांच्या अभ्यासाचं आणि घरातल्या हिशेबाचं. इंजिनावर लिहिण्याचा माझा हक्क एवढाच, की परभणीत माझ्या मामूंचं गॅरेज होतं आणि शाळेत असताना मी तिथे बसून सामानाच्या चिठ्ठ्या लिहीत असे. शागिर्द पोरांना पाना धरता येई, पेन नाही. ‘टॅपेट कव्हर पॅकिंग १, चेंबर नटचे वायसर २’ अशा चिठ्ठ्या मी मराठीत लिहायची, कारण स्पेअर पार्टच्या दुकानदाराला उर्दू वाचता येत नव्हतं. पुढे बी.एड. झाले, हातात खडू आला, पण ते शब्द डोक्यातून गेले नाहीत. हा मजकूर छापायला देण्याआधी मामूंच्या एका जुन्या शागिर्दाला वाचून दाखवला आहे. तो आता स्वतः उस्ताद आहे आणि दोन ठिकाणी त्याने माझं वाक्य बदलायला लावलं.

इंजिनातलं तेल दोन वाटांनी कमी होतं. एक तर ते बाहेर गळतं, नाहीतर आतल्या आत जळतं. गळतं तेव्हा दोष बहुतेक वेळा एखाद्या पॅकिंगचा, ऑईल सीलचा किंवा वायसरचा असतो. ही सगळी रबराची, कॉर्कची, तांब्या-अ‍ॅल्युमिनियमची किरकोळ वस्तू; किंमत शे-दोनशेच्या घरात, मजुरी काय ती वेगळी. जळतं तेव्हा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात किंवा व्हॉल्व्हची सीलं कडक झालेली असतात. मग इंजिन उघडावं लागतं आणि खर्च हजारांत जातो. २२,००० रुपयांचं काम हे जळण्यावरचं औषध आहे. गाडी नुसती गळत असेल तर एवढं इंजिन काम करूनही एखादं जुनं पॅकिंग तसंच राहिलं, तर डाग पुन्हा पडणारच.

आणि त्या पत्रात जळण्याची एकही खूण नव्हती. धुराचा उल्लेख नव्हता, गाडी ओढत नाही अशी तक्रार नव्हती. जळका वास होता, पण तो सीटखालून. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. वरच्या टॅपेट कव्हरमधून पाझरलेलं तेल गरम एक्झॉस्टवर पडलं की नेमका तसाच वास गाडीत भरतो. म्हणून पत्राला उत्तर लिहीत बसण्याऐवजी मी फोन केला आणि बांगड्या आठ दिवस कपाटातच ठेवायला सांगितलं.

जळतंय का हे आधी पाहायचं. सकाळी थंड गाडी चालू करताना कुणीतरी मागे उभं राहावं. निळसर धूर निघाला आणि लगेच थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. गाडी तापल्यावर, रेस दिली की निळा धूर येतच राहिला, तर रिंगांवर. थंडीत सकाळी निघणारी पांढरी वाफ म्हणजे पाणी, ती विसरा. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा, तेलाचा नाही. त्यानंतर इंजिन चालू ठेवून, रेस न देता, ऑईल टाकायचं झाकण हळूच सैल करून पाहायचं. तोंड जवळ नेऊ नका, तेलाचे गरम शिंतोडे उडतात. थोडी हवा फुसफुसली तर हरकत नाही. चुलीसारखे धुराचे लोट येत असतील आणि झाकण हातात टिकत नसेल, तर रिंगा गेल्या आहेत आणि गॅरेजवाला खरं बोलतोय. जीप चालवणारे जुने ड्रायव्हर गाडी विकत घेताना हेच झाकण आधी उघडत.

धूर नाही, झाकणातून लोट नाही, तरी तेल कमी होतंय, तर ते बाहेर जातंय. आता कुठून, हा प्रश्न. इथेच बहुतेकांची फसगत होते. तेल जिथे टपकतं तिथून ते गळत नसतं. ते वरून निघतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळत खाली येतं, धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या नटावर जमून तिथून पडतं. खालून पाहणाऱ्याला वाटतं चेंबर गळतोय. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं. मग चेंबरचं पॅकिंग बदललं जातं, पैसे जातात, आठवड्याने डाग पुन्हा हजर. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची, हा नियम.

त्यासाठी माझ्याच धंद्यातली वस्तू उपयोगी पडते, खडू. थंड इंजिन ब्रशने आणि थोड्या डिझेलने स्वच्छ करून घ्यायचं, वायरिंग आणि डिस्ट्रिब्युटर प्लॅस्टिकने झाकून. फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. डिझेल ओलं असताना इंजिन चालू करायचं नाही. मग प्रत्येक जोडावर, जिथे दोन भाग एकमेकांना बसतात तिथे, कोरडा पांढरा खडू घासायचा किंवा खडूची पूड भुरभुरायची. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणायची आणि टॉर्च घेऊन पाहायचं. जिथून तेल येतं तिथला खडू सगळ्यात आधी काळपट होतो, आणि त्याच्या खालचा ओघळ पेन्सिलने रेघ ओढल्यासारखा दिसतो. ही काही माझी युक्ती नव्हे. लोखंडातली न दिसणारी चीर शोधण्यासाठी रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी भाग तेलात भिजवून, पुसून, वर खडूचा लेप देत. चिरेत मुरलेलं तेल वर येऊन खडूवर डाग उमटे.

त्या घरात हे काम बारावीच्या मुलीने केलं. आईने फोनवर सांगितलं की वडिलांपेक्षा तिचा हात आत चांगला जात होता. खडू काळा झाला तीन ठिकाणी. टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला, डिस्ट्रिब्युटर हेडला बसतो तिथे, आणि थोडासा इंजिन व गिअरबॉक्सच्या मधल्या जोडाखाली. झाकणातून फक्त हलकी फुसफुस. मग मी मामूंच्या त्या शागिर्दाला फोनवर घेतलं. त्याने एकच गोष्ट विचारायला सांगितली, “बाजी, ब्रीदर का पाईप निकाल के देखे क्या?” कुणीच पाहिला नव्हता. काढला तेव्हा तो आतून काळ्या चिकट गाळाने जवळजवळ बुजलेला होता.

ब्रीदर म्हणजे काय हे घरातल्या कुकरवरून सांगते. इंजिन चालताना थोडा वायू पिस्टनच्या बाजूने निसटून खाली तेलाच्या जागेत येतोच, नव्या इंजिनातही. तो बाहेर जावा म्हणून एक नळी टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरकडे दिलेली असते. कुकरची शिट्टी चोंदली की वाफ झाकणाच्या रबरातून फसफसते ना, तसंच ही नळी चोंदली की आतला दाब मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतो. शिट्टी साफ न करता कुकरला कितीही नवीन रबर आणा, काय उपयोग? जुन्या गाडीत एकदम तीन-चार ठिकाणांहून गळायला लागलं, तर चारही पॅकिंग एकाच दिवशी कशी खराब होतील असा प्रश्न स्वतःला विचारा आणि आधी ब्रीदर पाहा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर तेल भरलेलं असेल तरी गळती वाढते. ‘जरा जास्तच टाका’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

ब्रीदर साफ झाला, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग नवी बसली, ऑईल बदललं तेव्हा चेंबर नटचा वायसरही बदलला. सगळं मिळून १,५०० च्या आत. ओम्नी १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आली आणि २०१९ पर्यंत बनत होती. मारुती ८०० लाही तेच तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन होतं. त्यामुळे हे सामान आजही तालुक्याच्या गावी मिळतं. जुनी गाडी ठेवायची की नाही हे ठरवताना सामान मिळतं का, ही गोष्ट मी इंजिनाच्या वयापेक्षा वर धरते.

तिसरी जागा तशीच सोडली. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ओल दिसते तेव्हा क्रँकचं मागचं सील पाझरत असतं. सील स्वस्त, पण तिथे पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी सीलच्या कितीतरी पट. क्लच प्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच आहे, त्या वेळी हे सील टाकायचं. तोवर दर आठवड्याला तेल तपासायचं. अपवाद एकच: क्लच घसरायला लागला, रेस वाढते पण गाडी पळत नाही आणि करपल्याचा वास येतो, तर तेल क्लचवर गेलं आहे, मग थांबायचं नाही. पंधरा-वीस वर्षं झालेली गाडी कोरडी ठणठणीत असावी असा हट्ट धरणारे लोक मला पटत नाहीत. थोडं पाझरणं चालतं. किती, हे मोजलेलं असलं पाहिजे.

मोजायचं कसं? डाग पाहून नव्हे. उभ्या गाडीखाली रात्रभरात पडलेले पाच थेंब फार तर पाव मिलीलिटर. खरी गळती गाडी चालू असताना होते, तेव्हा तेल पातळ असतं आणि पंप त्याला ढकलत असतो. म्हणून वही. किलोमीटर लिहा, किती तेल टाकलं ते लिहा. महिन्याचा आकडा समोर आला की गळती वाढतेय की तेवढीच आहे हे कळतं, आणि गॅरेजमध्ये बोलायला तोंड मिळतं. तेल पाहताना गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून मगच वाचायची. तेल दोन खुणांच्या मध्ये असलं की ठीक. गाडी चालू असताना तेलाचा लाल दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असं म्हणू नका. तो दिवा तेल कमी झाल्याचा नसतो, तेलाचा दाब पडल्याचा असतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. गाडी तिथेच बंद करायची.

मोटारसायकलला तर तो दिवाही नसतो. आपल्यातल्या बहुतेक घरांत हिरो होंडाची स्प्लेंडर आहे किंवा होती. १९९४ पासून ती या रस्त्यांवर आहे. तिच्या इंजिनात तेल जेमतेम एक लिटर, आणि इंजिन, क्लच, गिअर सगळे त्याच तेलावर. कारमध्ये शंभर मिली कमी झालं तर पट्टीवर फारसं दिसत नाही. इथे ते दहावा हिस्सा आहे. आमच्या शाळेतल्या एका सरांची गाडी जिंतूर रोडवर भर मे महिन्यात जाम झाली. गळती अगदी किरकोळ होती, चेंबर नटच्या वायसरमधली. तेल तपासलं नाही एवढंच. बोअर-पिस्टनचं काम करावं लागलं, एका वायसरपायी.

त्या वायसरबद्दल थोडं. चेंबर नट उघडताना वायसर दबलेला निघतो, तो प्रत्येक वेळी नवा टाकायचा. जुनाच लावून गळतं म्हणून पान्याला पाईप अडकवून आवळलं की अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात, आणि मग खरा खर्च सुरू होतो. टॅपेट कव्हरचंही तसंच. जास्त आवळलं की कव्हर वाकतं आणि आणखी गळतं. स्प्लेंडरची डिपस्टिक झाकणालाच असते. ती पाहताना झाकण फिरवून बसवायचं नाही, नुसतं टेकवायचं, नाहीतर तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. गिअरच्या दांड्याचं सील आणि पुढच्या चेन चक्राचं सील इंजिन न फोडता बाहेरूनच बदलता येतं. ‘इंजिन खोलना पडेगा’ असं या दोन सीलसाठी कुणी म्हणालं तर दुसऱ्या गॅरेजला जा.

आपल्याकडची हवाही यात भर घालते. परभणीचा उन्हाळा चाळिशी ओलांडून बराच वर जातो आणि हिवाळ्यात काही पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. रबर असं तापत-गारठत राहिलं की कडक होतं, त्याची ओठासारखी कड दांड्याला घट्ट बसत नाही. त्यात काळ्या मातीची धूळ. तेल पाझरलं की धूळ चिकटते, थर जमतो, मोटारसायकलच्या इंजिनाच्या पट्ट्यांमधून हवा खेळत नाही, इंजिन जास्त तापतं, तेल आणखी पातळ होतं आणि आणखी पाझरतं. महिन्यातून एकदा ते खरवडून काढणं हे कुणाही मुलाला जमणारं काम आहे.

ज्यांच्या अंगणात अजून अब्बांची चेतक आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. आकुर्डीच्या बजाजने १९७२ मध्ये आणलेली आणि पुढे थांबवलेली ही स्कूटर. जुनी टू-स्ट्रोक असेल तर सायलेन्सरच्या जोडातून काळं तेल गळतं. ती गळती नव्हे, पेट्रोलमध्ये घातलेलं तेल अर्धवट जळून तिथे साचतं. पण मागच्या चाकाच्या ड्रममधून तेल येत असेल तर स्कूटर बाजूला उभी करा. तिथलं सील गेलं की गिअरचं तेल सरळ ब्रेकच्या शूजवर येतं आणि मागचा ब्रेक लागत नाही. बुलेटवाल्यांना काय सांगायचं! खाली तेल नसेल तर आतलं संपलं असेल हा विनोद त्यांनीच जगभर पसरवला आहे. जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असत आणि चेनचं मोठं कव्हर एका मधल्या नटावर व रबराच्या पट्टीवर बसे. तो नट आवळत गेलं की कव्हर मध्ये दबतं आणि कडेने सुटतं. तिथेही उत्तर नवीन रबराचं आहे, जोर लावण्याचं नाही.

डाग नेहमी इंजिन ऑईलचाच असतो असं नाही. रात्री गाडीखाली जाड पुठ्ठा अंथरा आणि चाकांच्या जागा पेन्सिलने दाखवा. (अखबार अंथरू नका, विशेषतः उर्दू, त्यावर कुठेतरी पाक नाव असतंच, आणि कारखाली काहीही टाकताना पोरांना ते लक्षात राहत नाही.) तपकिरी-काळं, बोटाला गुळगुळीत लागतं ते इंजिन ऑईल. जाड आणि उग्र, कुजकट वासाचं ते गिअरचं. ते कमी झालं तर कुठलाच दिवा लागत नाही, म्हणून लोक विसरतात. हिरवं, गुलाबी किंवा निळं पाणी म्हणजे रेडिएटरचं; चवीला गोडसर पण विषारी, मुलांपासून आणि बकऱ्यांपासून दूर ठेवा. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, पातळ, रंग उडवणारा ओघळ दिसला तर ते ब्रेकचं तेल. मग मशिदीपर्यंतही गाडी नेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा. ओम्नीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागच्या ड्रमवर जाड तेल आलं तर अ‍ॅक्सलचं सील गेलं आहे. तेही ब्रेकचंच संकट समजा. आणि एक्झॉस्टवर सतत तेल पडून धूर निघत असेल तर त्यालाही थांबायला वेळ देऊ नका, आग लागू शकते.

दुकानात गळती थांबवणारं औषध मिळतं, बाटलीतलं. कडक झालेलं सील ते थोडं फुगवतं, त्यामुळे हलकं पाझरणं काही काळ कमी होऊ शकतं. फाटलेल्या पॅकिंगवर आणि चोंदलेल्या ब्रीदरवर ते काहीच करत नाही. मोटारसायकलमध्ये टाकू नका. क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, तो घसरू शकतो. बाहेरून सिलिकॉन किंवा एम-सील थापण्याचाही उपयोग नाही, तेलकट पत्र्यावर ते धरत नाही. पॅकिंगला सिलिकॉन लावायचंच असेल तर बारीक रेघ पुरते. ढीगभर लावलं की दाबल्यावर ते आतही निघतं, तुकडे सुटून तेलाच्या जाळीत अडकतात, आणि गळती बंद झालेलं इंजिन तेलावाचून मरतं.

गॅरेजमध्ये कसं बोलायचं हे बहिणींना जास्त सांगावंसं वाटतं, कारण बाई एकटी गेली की अंदाज मोठा निघतो असं मी पाहिलं आहे. ‘गळतंय, बघा’ असं म्हणू नका. ‘टॅपेट कव्हरच्या मागून गळतंय, खडू लावून पाहिलं, हजार किलोमीटरला अर्धा लिटर जातंय’ असं म्हणा. जागा दाखवायला सांगा. काढलेलं पॅकिंग परत मागा. स्वस्त काम आधी करा आणि महिनाभर पाहू, असं ठरवून घ्या. चांगल्या उस्तादाला या बोलण्याचा राग येत नाही. मामूंना तर अशी गिऱ्हाइकं आवडत. ते म्हणायचे की निम्मं काम घरूनच करून आणलंय.

गाडी विकायची ठरली तर एक गोष्ट. विकण्याच्या आदल्या दिवशी इंजिन डिझेलने धुऊन, जाड ऑईल भरून, डाग लपवून गाडी दाखवणं हा आपल्या बाजारात सर्रास चालणारा प्रकार आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढल्याची हदीस आपल्या मुलांना मदरशात शिकवली जाते. गाडीला ती वेगळी लागू होते असं मला वाटत नाही. गळती सांगा, वही दाखवा, हजार-दोन हजार कमी घ्या.

ठेवायची ठरली तर आरटीओचा खर्चही हिशेबात धरा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क दुचाकीला ३०० वरून १,००० आणि कारला ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दुप्पट केलं गेलं. पाथरीच्या बहिणीची गाडी अजून वीसच्या आत आहे. तिचं पुढचं रिपासिंग दोन वर्षांनी आहे, आणि मी तिला सांगितलं की क्लच आणि मागचं सील त्याच्या आधी, बाजार मंदावतो त्या पावसाळ्यात करून घ्या. त्यासाठी दर बाजाराला शंभर रुपये बाजूला टाकायला तिने सुरुवात केली आहे.

राहिलं ते काढलेलं जुनं तेल. आपल्याकडे ते वाया जात नाही याचा अनेकांना अभिमान असतो: दाराच्या चौकटीला वाळवीसाठी, स्लॅबच्या प्लेटांना, बैलाच्या जखमेवर, भट्टीत. जखमेवर तर अजिबात लावू नका, त्यात जळालेले धातूचे कण आणि विषारी द्रव्यं असतात, जनावर ते चाटतं. जाळलं की तेच धुरातून घरात येतं. नालीत किंवा विहिरीजवळ ओतलं तर मुरून पाण्यात जातं. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. घरी ऑईल बदललंत तर ते मोठ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या, त्यांच्याकडे पिंप असतो. शहाबादी फरशीवर सांडलं तर लगेच वखारीतला लाकडाचा भुसा किंवा चुलीची राख टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी झाडून कपड्याच्या पावडरने गरम पाण्यात घासा; आधी पाणी ओतलं तर ते पसरतं. आणि तेल नेण्यासाठी जी बाटली घ्याल तिच्यावर ‘जळालेलं ऑईल’ अशी चिठ्ठी मोठ्या अक्षरात चिकटवा, मराठीत आणि उर्दूतही. स्वयंपाकघरात गोडं तेलही तसल्याच बाटल्यांत भरलेलं असतं.